पन्नास वर्षांपूर्वीची जखम पुन्हा उघडते तेव्हा

१७४० साली जॉर्ज ॲन्सनचा इंग्रजी आरमारी ताफा प्रशांत महासागराकडे निघाला आणि वाटेत खलाशांना स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने गाठलं. हिरड्या सुजल्या, दात हलू लागले, अंगावर काळेनिळे डाग उठले. त्यातल्या एकाला १६९०च्या बॉइनच्या लढाईत जखम झाली होती. पन्नास वर्षांपूर्वी भरलेली ती जखम पुन्हा उघडली, जणू कधी भरलीच नव्हती.

याचं मूळ कोलॅजेनमध्ये आहे. त्वचा, हिरड्या, रक्तवाहिन्या आणि जखमेचा वण याच प्रथिनावर उभे असतात. तीन पदरांचा हा दोरखंड घट्ट राहावा म्हणून एक विकर (एन्झाइम) त्यातल्या प्रोलीनला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी चिकटवतं. या विकराच्या गाभ्यात लोहाचा अणू असतो. काम करता करता त्याचं ऑक्सिडीकरण झालं की विकर बंद पडतं. क जीवनसत्त्व त्याला इलेक्ट्रॉन देऊन पुन्हा कामाला लावतं. क नसेल तर नवं कोलॅजेन कच्चं निघतं. वणातलं जुनं कोलॅजेन मात्र मोडत राहतं, म्हणून वण उसवतो.

लोहाला इलेक्ट्रॉन देण्याची हीच करामत आतड्यातही चालते. डाळी-भाज्यांमधलं लोह त्यामुळे चांगलं शोषलं जातं. तेव्हा पोह्यांवर लिंबू पिळायचं ते गॅस बंद केल्यावर, कारण उष्णतेने क नष्ट होतं. बकरी हे जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात बनवते. माणसात त्यासाठीचं जनुक निकामी झालंय. पण गरज तरी किती? भारतीय पुरुषाला दिवसाला साधारण ८० मिलिग्रॅम, म्हणजे एका पेरूत काम भागतं.

मग सर्दीसाठी गोळ्या? अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंगने १९७०मध्ये हे खूळ लोकप्रिय केलं, आणि दोन नोबेल मिळवणाऱ्याला कोण अडवणार! चाचण्यांमध्ये मात्र रोज गोळी घेणाऱ्या मोठ्यांची सर्दी सरासरी ८ टक्के लवकर आटोपली. आठवड्याच्या सर्दीत जेमतेम अर्धा दिवस. सर्दी झाल्यावर सुरू केलेल्या गोळीचा तेवढाही भरवसा नाही.

डॉक्टरांच्या हाती क जीवनसत्त्वाचा नेमका उपयोग स्कर्व्हीवर. मेथहिमोग्लोबिनेमियात, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडून ऑक्सिजन नीट वाहून नेत नाही तेव्हा, जिथे मिथिलीन ब्ल्यू हे नेहमीचं औषध देता येत नाही तिथेही ते वापरतात. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागतात तेव्हा, शिरेतून मोठे डोस देण्याबद्दल फार आशा होती. २०२२च्या लोव्हिट चाचणीत असे डोस मिळालेल्यांची अवस्था उलट वाईट झाली. जास्तीचं क लघवीवाटे निघून जातं हे खरं, पण त्यातल्या काहीचं ऑक्सलेट होतं, ज्यापासून मुतखडे बनतात. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी रोजची हजार मिलिग्रॅमची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये.