पांढऱ्या शेपटीच्या हरणाची धनुष्यशिकार : जुळणी व नेम

उत्तर अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार परवाना काढून, ठरलेल्या हंगामात धनुष्यबाणानेही केली जाते. अमेरिकेत हरणांसाठी धनुष्याचा वेगळा हंगाम पहिल्यांदा विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये ठेवला. आज शिकाऱ्यांच्या हाती बहुधा कंपाउंड धनुष्य, म्हणजे टोकांना चाके बसवलेले धनुष्य असते. मिसुरीच्या हॉलेस विल्बर ॲलन यांना त्याचे पेटंट १९६९ मध्ये मिळाले. (ब्रिटनमध्ये हरणावर बाण चालवायला बंदी आहे, भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ-सांबरांची शिकारच गुन्हा ठरते.)

बाणाने जनावर मरते ते रक्तस्रावाने. पात्याने दोन्ही फुप्फुसे कापली, तर हरीण सहसा काही सेकंदांतच कोसळते. पोटात लागला, तर तासन्‌तास तडफडते. धनुष्याची जुळणी आणि नेमाची निवड यांमागे एवढे एकच कारण आहे.

जुळणीत दोरीवर बाण अडकवण्याची जागा, बाणाचा टेकू, दोन्ही कॅम (टोकांची दोरी गुंडाळणारी चाके) एकाच वेळी फिरणे आणि बाणाच्या दांडीचा ताठपणा हे सारे पाहावे लागते. दांडी धनुष्याच्या ताणाला साजेशी नसेल, तर बाण वाकडा निघतो. चाचणीसाठी काही पावलांवर ताणून बसवलेल्या कागदातून बाण सोडतात. एक भोक आणि त्याभोवती पिसांच्या तीन चिरा दिसल्या, तर बाण सरळ गेला. कागद वरच्या बाजूला फाटला, तर बाणाची शेपटी उचललेली होती. यावरच समाधान मानणारे पुष्कळ असतात आणि फसतात. शिकारीचे रुंद पाते हवेत पुढच्या पिसांसारखे वागते, त्यामुळे सरावाच्या टोकाने झाकली गेलेली चूक पाते लावताच उघडी पडते. सरावाचा आणि शिकारीचा बाण लांबूनही एकाच जागी लागेपर्यंत जुळणी पुरी झाली असे म्हणता येत नाही.

नेम धरावा तो हरीण पूर्ण आडवे उभे असताना, किंवा किंचित पाठमोरे असताना. पाठमोऱ्या हरणावर पलीकडच्या पुढच्या पायाचा अंदाज घेऊन बाण सोडतात. समोरून येणाऱ्या हरणाच्या खांद्याचे हाड आड येते, म्हणून ते सोडून द्यावे. उंच मचाणावरून हरीण अगदी पायथ्याशी असेल, तर बाण इतका उभा उतरतो की बहुधा एकच फुप्फुस सापडते.

अंतराचा हिशेब वेगळाच. सेकंदाला ८५ मीटर वेगाच्या बाणाला २७ मीटर कापायला सुमारे ०.३२ सेकंद लागतात. दोरीचा आवाज ०.०८ सेकंदात पोचतो. दचकलेले हरीण झेप घेण्यासाठी आधी पाय दुमडून खाली बसते आणि बाण पाठीच्या कण्यात किंवा वरून जातो. हा दोष कोणत्याही जुळणीने जात नाही. सावध, कान टवकारलेल्या हरणावर म्हणूनच जाणता शिकारी बाण सोडत नाही, मग लक्ष्यफलकावर तो कितीही लांबून अचूक मारत असो.

बाण लागल्यावर लगेच मागे धावत नाहीत. बाणावर फेसाळ गुलाबी रक्त असेल, तर अर्ध्या तासाने माग काढतात. काळपट लाल रक्त यकृताचे, त्याला काही तास. हिरवट घाण दिसली, तर आठ-दहा तास थांबावे लागते, कारण हुसकावलेले जखमी हरीण फार दूर जाते.