शुभेच्छुक मित्रपरिवार : भिंतीवरच्या दोस्तीची पार्श्वभूमी

साताऱ्यात फलकांवर कारवाई झाली की चार दिवस चौक मोकळे दिसतात. मग कुणाचा तरी वाढदिवस येतो आणि सांगाडे पुन्हा भरतात. या फलकांची चर्चा राजकारण, रहदारी आणि परवाना शुल्क यांच्याभोवती फिरते. त्यांवर छापलेला विषय बहुतेक वेळा मैत्री असतो, हे मात्र कुणी लक्षात घेत नाही. मैत्री हा भिंतीवरच्या लिखाणाचा फार जुना विषय आहे. तो भिंत सोडून फ्लेक्सवर कसा आला, हे समजल्याशिवाय आजचा वाद नीट कळत नाही.

दोन मित्रांनी एकाशेजारी एक नाव लिहून जाणं इटलीतल्या पॉम्पेईतही सापडतं. इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या या शहरातल्या एका भिंतीवर गायस आणि औलस या दोघांनी आपण जिवलग मित्र असून इथे येऊन गेल्याचं खरडून ठेवलं आहे. आपल्याकडे गडांवर आणि महाबळेश्वरच्या पॉइंटांवर आजही तोच मजकूर दिसतो: दोन नावं, मध्ये अधिकचं चिन्ह, खाली साल. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात 28 एप्रिल 1819 ही तारीख घालून नाव कोरणारा इंग्रज अधिकारी याच वाटेवरचा, फक्त एकटा. जुन्या दगडावर कोरणं हे नुकसान आहे आणि त्याची बाजू घेता येत नाही. पण सगळं भिंतीवरचं लिखाण याच मापाने मोजायची सवय पुढे आपल्याला महागात पडली.

या विषयाला कलेत खरी जागा मिळाली ती 1980 च्या दशकातल्या न्यूयॉर्कमध्ये. किथ हॅरिंग हा तरुण चित्रकार भुयारी रेल्वेच्या स्थानकांवर फिरायचा. मुदत संपलेल्या जाहिरातींवर तिथे काळा कागद चिकटवलेला असे. त्यावर तो पांढऱ्या खडूने झरझर माणसं काढायचा: चेहरा नाही, कपडे नाहीत, नुसती बाह्यरेषा. खांद्यावर हात टाकलेले, एकमेकांना उचलून धरलेले, साखळी करून नाचणारे. नवी जाहिरात चिकटली की चित्र गेलं. पोलिसांनी त्याला अनेकदा पकडलंही. पुढे बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींना मित्र मिळवून देणाऱ्या एका संस्थेने बोधचिन्ह म्हणून घेतली ती त्याचीच एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेली जोडी.

तिथलाच दुसरा चित्रकार जाँ-मिशेल बास्किया आधी एका मित्राच्या जोडीने ‘सामो’ या सहीखाली भिंतींवर वाक्यं लिहीत असे. ती दोस्ती फिसकटली तेव्हा ‘सामो मेला’ हेही भिंतीवरच जाहीर झालं. 1982 साली पॉप आर्टचा नामवंत चित्रकार अँडी वॉरहॉल याच्याशी त्याची नीट ओळख झाली आणि पुढच्या तीन वर्षांत दोघांनी मिळून सुमारे 160 चित्रं केली. वॉरहॉल आधी एखादं बोधचिन्ह किंवा बातमीचा मथळा रंगवायचा, बास्किया त्यावर काट मारून, चेहरे काढून आपला रंग लावायचा. कित्येक वर्षं छपाईच्या जाळीवर काम केलेल्या वॉरहॉलने या दोस्तीपायी पुन्हा हातात ब्रश धरला. सप्टेंबर 1985 मध्ये प्रदर्शन लागलं तेव्हा जाहिरातीच्या पोस्टरवर दोघे बॉक्सिंगचे हातमोजे घालून उभे होते. समीक्षकांनी या कामावर झोड उठवली, त्यातही बास्कियाला वॉरहॉलच्या हातचं बाहुलं ठरवलं आणि दोघांत अंतर पडलं. फेब्रुवारी 1987 मध्ये वॉरहॉल गेला, ऑगस्ट 1988 मध्ये बास्किया. बास्कियासाठी शोकचित्र काढायला हॅरिंग उरला होता, तोही 1990 मध्ये गेला.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते एक छोटं चित्र. 1983 साली मायकेल स्ट्युअर्ट हा तरुण कृष्णवर्णीय कलाकार रेल्वे स्थानकात भिंतीवर लिहिल्याच्या आरोपावरून पोलिसांच्या ताब्यात गेला आणि त्यातच त्याचा जीव गेला. बास्कियाने त्याच्यावरचं चित्र हॅरिंगच्या स्टुडिओच्या भिंतीवरच काढलं: दोन पोलीस, दंडुके आणि मध्ये एक काळी आकृती. जागा सोडताना हॅरिंगने भिंतीचा तेवढा तुकडा कापून बरोबर नेला आणि चौकट करून घरात लावला.

साताऱ्या-सांगलीत यातलं काही घडलं नाही असं म्हणणाऱ्यांनी चौकातला फळा आठवावा. साधारण 2000 सालापर्यंत बहुतेक तरुण मंडळांच्या कट्ट्याशेजारी भिंतीत बसवलेला किंवा लोखंडी चौकटीतला काळा फळा असायचा. वर मंडळाचं नाव आणि स्थापनेचं साल ऑइलपेंटमध्ये, खाली रोजचा मजकूर खडूने. मंडळात एखादा तरी बऱ्या हाताचा पोरगा असायचाच. रात्री जेवून आल्यावर तो ओल्या फडक्याने फळा पुसायचा, वाळू द्यायचा आणि लिहायला बसायचा. कुणी पोलीस भरतीत निघाला, कुणाची एसटीत नोकरी लागली, कुणाचा वाढदिवस, कुणाच्या आजीचं निधन. वाढदिवस असेल तर रंगीत खडूची वेलबुट्टी, अक्षराला पांढरी बाह्यरेषा आणि आत गुलाबी. सकाळी दूध घेऊन येणारी माणसं थांबून वाचत. अक्षरावरून लिहिणारा कळायचा, त्यामुळे शुभेच्छुकांची यादी लागत नसे. दुसऱ्या दिवशी फळा पुसला जायचा आणि त्याचं कुणाला दुःखही नव्हतं. काळ्यावर पांढरा खडू, मित्रासाठी, फुकट, एका दिवसापुरता: हॅरिंगचं नाव न ऐकलेल्या या पोरांचं काम त्याच जातीचं होतं. कला महाविद्यालयांनी तेव्हा या फळ्यांचे फोटो काढून ठेवायला हवे होते.

फळ्याच्या जोडीला पेंटर होते. नीळ लावलेल्या दोरीने रेघ मारायची, फोटोवर चौकटी आखून चेहरा मोठा करायचा आणि उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात सही करायची. मंडळाचा फलक, रिक्षाची पाठ, टेम्पोचा फाळका, निवडणुकीची भिंत, सगळं त्यांच्याकडेच. मित्राच्या फलकाचे पैसे पेंटर मागत नसे, रंगाचा डबा तेवढा मंडळाने आणायचा.

मग डिजिटल छपाई आली आणि हे सगळं फार लवकर आटोपलं. संध्याकाळी फोटो दिला की रात्री फ्लेक्स टांगायला तयार. त्याची मांडणी आता सगळ्यांना पाठ आहे. मध्ये वाढदिवसाचा माणूस, गॉगल आणि पांढरा शर्ट, मागे सिंह किंवा किल्ला. डोक्यावर नेत्यांची रांग आणि खाली गोलात बसवलेले शुभेच्छुक मित्र. कुणाचा गोल मोठा, कुणाचा वरच्या ओळीत, हे वर्गणीवर आणि वजनावर ठरतं. ज्याचा फोटो राहिला तो रुसतो. पॉप आर्टने जाहिरातीतली बाटली, डबा, नटीचा चेहरा उचलून चित्रात आणला होता, इथे मित्राचा चेहरा उचलून जाहिरातीत नेला गेला. कुणी म्हणेल हीच आमची पॉप आर्ट. रंगांचा भडकपणा, एकच चेहरा पुन्हा पुन्हा, हे सगळं जुळतं, आणि त्यात पोरांचा खरा जीवही असतो. पण मित्राच्या हाताने मित्रासाठी काढलेली एकही रेघ त्यात नसते, म्हणून मला ते मान्य होत नाही.

आता वादाचा भाग. महाराष्ट्रात मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा कायदा 1995 पासून आहे. स्थानिक संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा जागी काही लिहिणं, चिकटवणं किंवा लावणं हा त्यानुसार गुन्हा ठरतो. पुढे फ्लेक्सचा सुळसुळाट झाला आणि 2011 साली साताऱ्यातल्याच एका संस्थेने साताऱ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना प्रतिवादी करून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. ती राज्यभराच्या बेकायदा फलकांची याचिका झाली आणि 31 जानेवारी 2017 रोजी सविस्तर निकाल लागला. राज्यातल्या महापालिका-नगरपालिकांना फलक उतरवण्याचे आदेश आज ज्या निकालाच्या आधारे दिले जातात, त्याचं मूळ आपल्या गावात आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे. सिग्नल झाकणारा, झाडाला खिळे ठोकून टांगलेला फलक गेलाच पाहिजे.

खटकते ती अंमलबजावणी. फ्लेक्सला अर्जदार असतो, मोजमाप असतं, शुल्क भरून ठरावीक दिवसांचा परवाना मिळतो. चार मित्रांनी मिळून रंगवलेल्या भिंतीला यातलं काहीच नसतं. परिणामी पैसेवाला फ्लेक्स नियमात बसतो आणि ज्याच्यामागे कुणी नाही ती भिंत बेकायदा ठरते. फ्लेक्स उतरवायला शिडी, गाडी, बंदोबस्त लागतो आणि वरून फोन येतो, भिंतीवर चुन्याचा हात मारायला एक माणूस पुरतो.

न्यूयॉर्कमध्ये 1986 साली हेच घडलं होतं. स्टुडिओतल्या एका मदतनीस पोराला क्रॅक या कोकेनचं व्यसन लागलं, म्हणून हॅरिंगने हार्लेममधल्या हँडबॉलच्या मैदानावरची भिंत परवानगी न घेता रंगवली आणि व्यसनाविरुद्ध मोठ्या अक्षरांत लिहिलं. त्याला दंड झाला, चित्रही गेलं. पण त्याच वर्षी उद्यान खात्याच्या संमतीने त्याने ती भिंत पुन्हा रंगवली. ती अजून उभी आहे आणि तिची डागडुजीही होते.

आपल्याकडे भिंती रंगतात, नाही असं नाही. 2017 साली भिलार पुस्तकांचं गाव झालं तेव्हा चित्रकारांनी तिथली घरं सजवली. स्वच्छ सर्वेक्षणाच्या स्पर्धेने शहरांच्या कुंपणांवर झाडं, पाणी, कचऱ्याचे डबे रंगवून घेतले. पण ही सगळी वरून ठरलेली चित्रं. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी, मैत्री दिनाला, कॉलेजची पोरं मार्करने एकमेकांच्या हातांवर, शर्टांवर नावं लिहितात, कारण लिहायला दुसरी जागा उरलेली नाही.

यासाठी कायदा बदलायची गरज नाही. लेखी परवानगीचा अधिकार स्थानिक संस्थेकडेच आहे. सातारा आणि सांगली दोन्हीकडे एखादी साधी, वारसा नसलेली भिंत कायमची मोकळी ठेवण्याचा ठराव करता येईल. वर्षातून एकदा ती पांढरी करायची, छापील काही लावू द्यायचं नाही, हाताने काढलेलं असेल तर हात लावायचा नाही. शहरात अजून ऐंशीच्या दशकापासून काम केलेले पेंटर आहेत. पहिल्या दिवशी दोरी मारायला त्यांनाच बोलवावं.