प्रकाशे : बॅरेजपूर्वीची तापीकाठची वसाहत

प्रकाशे (बोलीत प्रकाशा) हे नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील, तापी-गोमाई संगमावरचे गाव. केदारेश्वराचे तीर्थ, ‘दक्षिण काशी’ म्हणून खानदेश त्याला ओळखतो. अलीकडे तापीवर बॅरेज (दरवाजांचा बंधारा) झाले आणि गावाजवळचे पात्र फुगले. मात्र गावाचे सर्वांत जुने धन त्याच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीने बनलेल्या, संगमावरच्या टेकाडात आहे.

हा मुलूख पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता तेव्हा, १९५५ साली, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या बालकृष्ण थापर यांनी येथे उत्खनन केले. त्यात वस्तीचे चार कालखंड हाती आले. पहिला ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्यांचा, इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातला. त्याच्या खालच्या थरांत माळवा पद्धतीची रंगीत भांडी आहेत. वरच्या थरांत जोर्वे (या गावावरून नाव पडलेली) भांडी येऊन मिळतात. जोर्वे भांडे लाल, वर काळ्या रंगाची रेघांची नक्षी, पाणी ओतायला तोटी. इतके पक्के भाजलेले की टिचकी मारली तर खणखणते. सोबत दगडाची बारीक पाती सापडली. तांबे मात्र थोडेच. रोजची कापाकापी दगडावरच चाले.

माणसे नेमकी इथेच का थांबली, हे जागा पाहिली की उमगते. खाली दोन नद्यांचे पाणी, पुरापासून बचावाला उंच काठ, भोवती कसदार काळी जमीन, आणि उत्तरेला सातपुडा, ज्याच्या पलीकडे नर्मदा आणि माळवा. माळव्याची भांडी इथवर पोहोचली यात म्हणूनच नवल नाही. तापीखोऱ्याची स्वतःची परंपरा त्याहूनही जुनी आहे. तापीकाठच्याच सावळदे गावावरून नाव पडलेल्या संस्कृतीच्या भांड्यांवर बाणांची टोके आणि मासे धरायचे गळ रंगवलेले आढळतात. नदीवर जगणाऱ्यांची याहून बोलकी खूण कोणती?

ताम्रपाषाणयुगानंतर प्रकाशे काही शतके ओस पडले. पुन्हा वस्ती झाली ती लोखंड वापरणाऱ्यांची, इ.स.पू. पहिल्या सहस्रकात. त्यांच्या थरांत काळी-तांबडी भांडी आहेत आणि गंगाखोऱ्यातली म्हणून ओळखली जाणारी काळी झिलईदार भांडीही. पुढचे दोन कालखंड सातवाहनांच्या सुमारापासून मध्ययुगाच्या आरंभापर्यंत येतात.

येथील खोदकाम बॅरेजच्या कित्येक दशके आधी झाले, ही मोठी भाग्याची गोष्ट. जुन्या वस्त्या काठालाच धरून असतात आणि फुगवटाही आधी काठालाच भिडतो. त्यामुळे तापी, गिरणा, पांझरा यांच्यावर बांध घालण्याआधी काठच्या पांढरींची पाहणी व्हायलाच हवी.