७ + १ करताना चिप का तापते?

मोबाईलवर बराच वेळ गेम खेळला की त्याची पाठ गरम होते आणि आपण बॅटरीला नावं ठेवतो. त्यातली बरीचशी उष्णता प्रत्यक्षात प्रोसेसरमध्ये तयार होते, तीही शून्याचा एक आणि एकाचा शून्य होताना.

आजच्या जवळपास सगळ्या चिप सीमॉस रचनेच्या असतात. फ्रँक वानलास यांनी १९६३ मध्ये फेअरचाइल्ड या चिप बनवणाऱ्या कंपनीत ती मांडली. यात ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे इवलेसे स्विच, जोडीने काम करतात. वरचा वीजपुरवठ्याशी जोडलेला, खालचा ग्राउंडशी. एक चालू असला की दुसरा बंद, त्यामुळे स्थिर असताना थोडी गळती सोडली तर वीज लागत नाही. खर्च येतो तो बदलाच्या क्षणी.

शून्याचा एक करायचा म्हणजे पुढची तार आणि तिला जोडलेले ट्रान्झिस्टर भारित करायचे. पुरवठ्यातून घेतलेल्या ऊर्जेपैकी निम्मी तारेवर साठते आणि निम्मी वरच्या ट्रान्झिस्टरमध्ये उष्णता होऊन जाते. गंमत म्हणजे ट्रान्झिस्टरचा रोध कमी केला तरी हा निम्मा वाटा तसाच राहतो. परत शून्य करताना साठलेली ऊर्जाही खालच्या ट्रान्झिस्टरमध्ये जळते. एका फेऱ्याचा हा खर्च धारकता (म्हणजे तारेची आणि तिला जोडलेल्या ट्रान्झिस्टरची भार साठवायची क्षमता) गुणिले व्होल्टेजचा वर्ग एवढा. धारकता १ फेम्टोफॅरड, व्होल्टेज १ आणि सेकंदाला ३ अब्ज फेरे धरले, तर एका जागी जेमतेम ३ मायक्रोवॅट लागतात. पण अशा १ कोटी जागा एकदम चालल्या की ३० वॅट झाले!

व्होल्टेजचा वर्ग हीच बचतीची खरी किल्ली. १.२ व्होल्टवरून ०.९ वर आलं की प्रत्येक फेऱ्याचा खर्च सुमारे ४४ टक्क्यांनी घटतो. कमी व्होल्टेजवर ट्रान्झिस्टर मंदावतात, म्हणून काम हलकं असलं की फोन व्होल्टेज आणि वेग दोन्ही एकत्र उतरवतो.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो फुकट गेलेल्या बदलांचा खर्च. साधा बेरीज करणारा सर्किट घ्या, ज्यात हातचा एकेका घराने पुढे सरकतो. आधी उत्तर ० आहे आणि आता ७ + १ करायचं आहे, म्हणजे चिपच्या ०-१ च्या भाषेत ०१११ मध्ये ०००१. हातचा पोहोचायच्या आत प्रत्येक घर आपल्यापुरती बेरीज करून मोकळं होतं, म्हणून उत्तर दिसतं ०११०, म्हणजे ६. मग हातचा एक घर सरकतो आणि ४ होतात, आणखी एक घर सरकतो आणि ० होतात, शेवटी ८. मधली दोन घरं शून्याची एक झाली आणि परत शून्य झाली. अंतिम उत्तरात त्यांचा मागमूस नाही, पण वीज मात्र गेलीच. गुणाकाराच्या सर्किटमध्ये असे फुकटचे बदल फार होतात. उपाय म्हणून वेगवेगळ्या वाटांनी येणारे सिग्नल शक्यतो एकाच वेळी पोहोचतील अशी रचना करतात.

सिग्नल सावकाश बदलला तर वरचा आणि खालचा ट्रान्झिस्टर क्षणभर एकदम चालू राहतात आणि वीज सरळ ग्राउंडला जाते. चांगल्या रचनेत हा वाटा लहान असतो.

क्लॉकचं, म्हणजे सगळ्या भागांना ताल देणाऱ्या सिग्नलचं, तसं नाही. त्याच्या तारा चिपभर पसरलेल्या आणि प्रत्येक ठोक्याला वर-खाली होणाऱ्या, मग हाती काम असो वा नसो. म्हणून रिकाम्या बसलेल्या भागाकडे जाणारा क्लॉक वाटेतच अडवतात. तो भाग मग आहे त्या स्थितीत थांबतो, आणि त्याला पुन्हा काम मिळालं की पुढच्या ठोक्यापासून क्लॉक सोडला जातो.