पत्त्याची मोकळी जागा

डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात इजिप्तमधून आलेली पपायरसची, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाची, काही जुनी पानं आहेत. त्याच हस्तलिखिताची आणखी ३० पानं अमेरिकेत, मिशिगन विद्यापीठात. १०४ पैकी ८६ पानं उरलेल्या या ग्रीक हस्तलिखिताला अभ्यासक ‘पी-४६’ म्हणतात. साधारण इ.स. २०० च्या आसपासचं. पहिल्या शतकातला ख्रिस्ती धर्मप्रचारक संत पौल, त्याच्या पत्रांचा इतका जुना संग्रह दुसरा नाही.

त्यात मराठी बायबलमधलं ‘इफिसकरांस पत्र’ही आहे, इफिस या प्राचीन शहरातल्या लोकांना लिहिलेलं. पण पहिल्याच ओळीत ‘इफिस येथील’ हे शब्द नाहीत. ‘जे पवित्र जन आहेत’ त्यांना, एवढंच. कुठे आहेत ते लिहिलेलंच नाही, आणि ग्रीक वाक्य तिथे अडखळतं. नक्कल करणाऱ्याची डुलकी म्हणावी, तर चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन्ही प्रसिद्ध हस्तलिखितांतही मुळात गावाचं नाव नव्हतं. नंतर कुणीतरी ते समासात घातलं.

मजकूरही शंका वाढवतो. बायबलमधलंच ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक सांगतं की पौल इफिसात तीन वर्षं राहिला. मग तिथल्या मंडळीला, म्हणजे ख्रिस्ती समुदायाला, ‘तुमच्या विश्वासाविषयी माझ्या कानावर आलं’ असं तो का लिहील? इफिसातल्या एकाचीही नावानिशी विचारपूस नाही. याउलट रोमला तो तोवर गेलाही नव्हता, तरी रोमकरांस पत्राच्या शेवटी वीसहून अधिक जणांना नावं घेऊन सलाम आहे. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत मार्किओन तर इफिसकरांचं पत्र लावदिकीया या दुसऱ्याच शहरातल्या मंडळीला लिहिलेलं मानायचा.

यावर एक तर्क असा, की हे गावोगाव फिरवायचं पत्र होतं आणि पत्त्याची जागा मोकळी ठेवली होती. मला तो आवडतो. पण अशी कोरी जागा सोडायची तेव्हा रीत होती, याचा पुरावा मिळत नाही. दुसरा तर्क सरळ घाव घालतो: पत्र पौलाचं नाहीच, मागाहून एखाद्या शिष्यानं त्याच्या नावावर लिहिलं.

पौलाच्या नावाची पत्रं १३. त्यातली सात त्याचीच, यावर बहुतेक अभ्यासकांचं एकमत आहे. इफिसकरांसकट उरलेल्या सहांवर वाद. पण ‘त्याचीच’ म्हणजे तरी काय? पौल सांगायचा, लिहायचा दुसराच. रोमकरांस पत्रात तर्तिय नावाचा लेखनिक मध्येच डोकं वर काढून स्वतःचा सलाम घालतो. आपल्या पेशवाईतल्या कागदांत मजकूर कारकुनाचा आणि शेवटच्या चार ओळी धन्याच्या, दस्तुरखुद्द, असं दिसतं, तसाच प्रकार. गलतीकरांना पौल शेवटी म्हणतो, बघा, केवढ्या मोठ्या अक्षरांत मी माझ्या हातानं लिहितोय! ती अक्षरं आपल्याला दिसत नाहीत, कारण मूळ पत्र एकही उरलेलं नाही. आहेत त्या नकला. थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात तर माझ्या हातचा सलाम हीच प्रत्येक पत्रातली खूण, असं बजावलंय. गंमत म्हणजे वादातल्या सहांत तेही आहे.

१९६० च्या दशकात ए. क्यू. मॉर्टन या स्कॉटिश धर्मोपदेशकानं हे काम संगणकाला लावलं. वाक्यं किती लांब, ‘काइ’ म्हणजे ‘आणि’ किती वेळा येतं, अशी मोजदाद करून त्यानं चारच पत्रं पौलाची ठरवली. पण पौलाच्या नावाच्या पत्रांतलं फिलेमोनाचं पत्र ग्रीकमध्ये जेमतेम ३३५ शब्दांचं. एवढ्याशा नमुन्यावरून कुणाची शैली ठरवायची? शिवाय जुन्या हस्तलिखितांत, मोडीसारखंच, शब्द सलग लिहिलेले आणि विरामचिन्हं जवळपास नाहीतच. वाक्य कुठे संपतं हे बऱ्याचदा नंतरच्या संपादकांनी ठरवलेलं, आणि आपण मोजतो ती त्यांची वाक्यं.

अवतरणचिन्हंही नाहीत, आणि अर्थाची खरी ओढाताण तिथे होते. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल म्हणतो, तुम्ही लिहिलेल्या गोष्टींविषयी. लगेच पुढे: पुरुषानं स्त्रीला स्पर्श न करणं बरं. हे त्याचं मत, की करिंथकरांच्या पत्रातलं वाक्य तो उत्तर देण्याआधी उचलून धरतोय? पुढच्याच ओळीत तो प्रत्येकाला स्वतःची बायको असावी म्हणतो, आणि नवरा-बायकोनं एकमेकांना टाळू नये असंही. म्हणून अनेक आधुनिक भाषांतरकार ते आधीचं वाक्य अवतरणात घालतात. शतकानुशतकं मात्र ते पौलाचंच वचन म्हणून वाचलं गेलं. करिंथकरांनी त्याला नेमकं काय लिहिलं होतं ते पाहायची सोय नाही. त्यांचं पत्र कुणी जपून ठेवलं नाही.