फौज इराकला जाणार होती: २००३ च्या नकारामागची पार्श्वभूमी

१४ जुलै २००३ रोजी दिल्लीत मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीची बैठक झाली. परराष्ट्रमंत्री यशवंत सिन्हा यांनी त्यानंतर सांगितलं, की संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तर भारत इराकमध्ये सैन्य पाठवण्याचा विचार करू शकेल. वाक्य मुत्सद्दी होतं, अर्थ मात्र सरळ होता : आत्ता नाही. अमेरिकेने मागितली होती एक अख्खी डिव्हिजन, म्हणजे सुमारे १७ हजार जवान. उत्तर इराकचा पट्टा त्यांच्याकडे सोपवायचा विचार होता. होकार मिळेल अशी वॉशिंग्टनला आशा होती आणि ती अगदी हवेतली नव्हती. वाजपेयींच्याच सरकारात फौज पाठवावी असं मानणारे वजनदार लोक होते.

गोष्ट सुरू होते एका शब्दापासून. २० मार्चला इराकवर हल्ला झाला. संसदेने त्यावर काय म्हणायचं, यावरून सरकार आणि विरोधक यांच्यात बरीच ओढाताण झाली. शेवटी ८ एप्रिलला लोकसभेने एकमताने ठराव केला. तेव्हा अध्यक्षांच्या आसनावर मनोहर जोशी होते. हिंदी ठरावात शब्द आला ‘निंदा’. विरोधकांना तो कडक वाटला, कारण त्यांनी त्याचा अर्थ ‘कंडेम’, म्हणजे निषेध, असा लावला. इंग्रजीत सरकारने मऊ शब्द घेतला, ‘डिप्लोर’, म्हणजे नापसंती. मराठी माणसाला यातली मेख लगेच कळेल. आपण मोर्चा काढतो तो निषेधाचा, निंदेचा नाही. दोन्ही बाजूंना आपापल्या कार्यकर्त्यांना तोंड दाखवता येईल एवढी जागा त्या एका शब्दाने ठेवली. दुसऱ्याच दिवशी बगदाद पडलं.

मग २२ मे रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा १४८३ क्रमांकाचा ठराव आला आणि दिल्लीतली मतभेदांची फट रुंदावली. त्यात सदस्य देशांना इराकच्या मदतीचं आवाहन होतं. फौज पाठवा म्हणणारे त्यावर बोट ठेवत. पण त्याच ठरावात अमेरिका आणि ब्रिटन यांना ‘कब्जा करणाऱ्या सत्ता’ म्हटलं होतं. मग आपला जवान तिथे कुणाच्या हुकमाखाली उभा राहणार? संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या निळ्या शिरस्त्राणाविना, दुसऱ्या देशाच्या कब्ज्याला हातभार लावायला? जूनमध्ये पीटर रॉडमन यांच्या नेतृत्वाखाली पेंटागॉनचं, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं, पथक शंकानिरसनासाठी दिल्लीला येऊन गेलं. या प्रश्नाचं समाधान मात्र झालं नाही.

उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी त्याच जूनमध्ये वॉशिंग्टनला जाऊन आले होते. ते आणि अर्थमंत्री जसवंत सिंह होकाराच्या बाजूला झुकलेले आहेत, असं वर्तमानपत्रं लिहीत होती. त्यांच्या बाजूने बोललं जाई ते असं : पोखरणनंतरचे निर्बंध मागे पडताहेत, अमेरिकेशी नवं नातं जुळतंय, पाकिस्तानलाही हेच निमंत्रण आहे, मग आपण घरी बसायचं का? दुसरी बाजू तितकीच ठोस होती. संसदेवरच्या हल्ल्यानंतर लष्कर ‘ऑपरेशन पराक्रम’साठी जवळपास दहा महिने सीमेवर तैनात होतं, ते नुकतं बराकीत परतलं होतं. आखातात लाखो भारतीय पोट भरत होते. १९९० मध्ये कुवेत-इराकमधून दीड लाखाहून जास्त लोकांना एअर इंडियाच्या विमानांनी अम्मानमार्गे मुंबईत आणावं लागलं होतं. आणि वर्षअखेरीला मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड, दिल्ली इथे मतदान होतं.

शिवाय आघाडीचं गणित. १९९९ च्या निवडणुकीत भाजपचे १८२ खासदार निवडून आले होते, बहुमताला २७२ लागतात. तेलुगू देसम, संयुक्त जनता दल, शिवसेना, द्रमुक अशा पक्षांवर सरकार उभं होतं. जॉर्ज फर्नांडिस तर संरक्षणमंत्रीही होते आणि आघाडीचे निमंत्रकही. फौज आणि मित्रपक्ष, दोन्हींची काळजी एकाच माणसाकडे.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. परदेशात सैन्य पाठवण्याआधी संसदेची मंजुरी घ्यावी, असं बंधन आपल्या कायद्यात नाही. निर्णय मंत्रिमंडळाचा. म्हणजे १७ हजार घरांतली माणसं दूरच्या युद्धात जायची की नाही, हे मूठभर मंत्री एका खोलीत ठरवू शकतात. २००३ मध्ये तसं झालं नाही, कारण सरकार एका पक्षाचं नव्हतं. कायद्याने जे विचारलं नसतं, ते मित्रपक्षांनी आणि विरोधकांनी विचारायला लावलं.

असे प्रसंग आधीही येऊन गेले होते. जानेवारी १९९१ मध्ये पहिल्या आखाती युद्धावर निघालेली अमेरिकन लष्करी विमानं मुंबईच्या सहार विमानतळावर इंधन भरून पुढे जात होती. आग्रा आणि मद्रासलाही. परवानगी चंद्रशेखर सरकारची होती. तिजोरी रिकामी, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जाची निकड आणि सरकार काँग्रेसच्या बाहेरून मिळणाऱ्या पाठिंब्यावर तगलेलं. बातमी फुटल्यावर राजीव गांधींनी आवाज उठवला आणि फेब्रुवारीत ही सोय बंद करावी लागली. मार्चमध्ये सरकारही गेलं. कारण वेगळं होतं, पण आधाराला तडा आधीच गेला होता.

त्याहून खोल जखम श्रीलंकेची. जुलै १९८७ च्या करारानंतर भारताची शांतिसेना तिकडे गेली ती संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली नव्हे, दोन सरकारांच्या करारावर. शांतता राखायला गेलेले जवान काही आठवड्यांत एलटीटीईशी, म्हणजे तामिळ वाघांशी, लढत होते. ऑक्टोबरात जाफना विद्यापीठाच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरमधून उतरलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तुकडीतला एकच जवान जिवंत राहिला, तोही कैदेत. २५ नोव्हेंबरला आठव्या महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन छातीत गोळी लागल्यावरही लढत राहिले आणि तिथेच कामी आले. महार रेजिमेंटचं ते पहिलं परमवीरचक्र. जवळपास १२०० जवान परतले नाहीत. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रास बंदराला लागली, तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. त्यांचा द्रमुक दिल्लीतल्या व्ही. पी. सिंग सरकारच्या राष्ट्रीय आघाडीचा घटक होता. ज्यांना सरकारने पाठवलं, त्यांच्या स्वागतालाही आघाडी एकत्र उभी राहू शकली नाही. हे आठवलं की आजही वाईट वाटतं.

आणि इराक तर आपल्या गावांना नवीन नव्हता. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात उतरलेल्या सहाव्या डिव्हिजनचं नावच ‘पुणे डिव्हिजन’ होतं. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा इथे त्यांना तुर्कांनी वेढलं. धान्य संपत आलं, घोडे कापले जाऊ लागले. ते मांस खायला अनेक हिंदी शिपायांनी सुरुवातीला नकार दिला आणि उपासमारीने ते खंगत गेले. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. त्यानंतरच्या वाळवंटी पायपिटीत आणि कैदेत हजारो मेले. त्यांना तिकडे धाडताना त्यांच्या मुलखातल्या कुणालाही विचारलं नव्हतं.

२००३ च्या जूनमध्ये वाजपेयींनी घाई केली नाही. सोनिया गांधींनी विरोधाचं पत्र लिहिलं, त्यांच्याशी ते बोलले. डाव्यांच्या वर्तुळात एक आठवण सांगितली जाते : माकपचे हरकिशनसिंग सुरजित आणि भाकपचे, नागपूरचे ए. बी. बर्धन भेटायला गेले, तेव्हा वाजपेयींनी ‘तुमचा विरोध आहे, पण आवाज ऐकू येत नाही’ अशा अर्थाचं काही सुचवलं. घटना शब्दशः तशीच घडली असेल-नसेल, पण त्यांच्या रीतीला ती धरून आहे. सहमती झाल्याशिवाय पाऊल नाही, हे ते जाहीरपणेही सांगत होते.

१४ जुलैच्या निवेदनात नकाराबरोबर एक छोटी तयारीही होती : जॉर्डनच्या साथीने नजफमध्ये रुग्णालय उभारण्याची. महिनाभराने, १९ ऑगस्टला, बगदादमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयावर स्फोटकांनी भरलेला ट्रक आदळला आणि संयुक्त राष्ट्रांचे इराकमधले विशेष प्रतिनिधी सर्जिओ व्हिएरा दि मेलो यांच्यासह २२ जण मेले. १६ ऑक्टोबरला सुरक्षा परिषदेने १५११ क्रमांकाच्या ठरावाने बहुराष्ट्रीय फौजेला मान्यता दिली. यशवंत सिन्हांनी घातलेली अट पुरी झाली की नाही, यावर वाद घालता आला असता. दिल्लीने फौज पाठवली नाही.