रिपोर्टमधले साठ टक्के नेमके कसले?

"साठ टक्के आलंय गं. म्हणजे साठ टक्के पसरला का?" काकांनी पोह्यांची प्लेट बाजूला सारून फाइल माझ्यापुढे ठेवली. रिपोर्ट काकूंच्या भावाचा, फुफ्फुसाच्या गाठीचा. मी इंदुरातल्या एका लॅबमध्ये स्लाइड रंगवते, त्यामुळे घरातले असले कागद माझ्याकडेच येतात.

पसरण्याशी या आकड्याचा संबंध नाही. गाठीच्या शंभरातल्या साठ पेशींच्या कडेला पीडी-एल१ हे प्रथिन दिसलं, इतकंच. सूक्ष्मदर्शकाखाली मधे निळं केंद्रक आणि भोवती तपकिरी रेघ दिसते. रेघ फिकी असली, अर्धवट असली, तरी ती पेशी धरायची. मोजायला गाठीच्या निदान शंभर जिवंत पेशी लागतात. बायोप्सीचा तुकडा चिमुकला असला की इथेच घोडं अडतं.

"म्हणजे यावरूनच शरीर कॅन्सर ओळखतं ना?"

नाही, आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते. ओळख पटवून देतं ते एचएलए वर्ग १, पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन. पेशी आतल्या प्रथिनांचे आठ-दहा अमिनो आम्लांचे तुकडे करते आणि एचएलएवर ठेवून बाहेर मांडते. तुकडा बिघडलेल्या प्रथिनाचा निघाला की तोच प्रतिजन. टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणारी एक पांढरी पेशी, तो हेरते. पीडी-एल१ काहीच मांडत नाही. तो टी पेशीवरच्या पीडी-१ला धरतो आणि तिला थोपवतो.

गोंधळ व्हायला कारणही आहे. दोघांना वाढवणारा निरोप एकच, इंटरफेरॉन गॅमा. गाठीवर चालून आलेल्या टी पेशी तो सोडतात. पेशीच्या आत जॅक१, जॅक२ आणि स्टॅट१ ही प्रथिनं तो पुढे नेतात. मग प्रथिनं कापणारी यंत्रणा बदलते, एचएलए वाढतं, प्रतिजन जास्त दिसू लागतात आणि त्याच दमात पीडी-एल१ही चढतो. म्हणून पीडी-एल१ भरपूर असणं ही कधीकधी टी पेशी येऊन भिडल्याची खूण असते. कधीकधीच म्हणते, कारण काही गाठी जनुकातल्या बदलामुळे तो आपणहून वाढवतात, टी पेशींचा पत्ता नसतानाही.

पेम्ब्रोलिझुमॅबसारखं औषध पीडी-१ अडवून हा ब्रेक सोडवतं. २०१८चं नोबेल ॲलिसन आणि होंजो यांना मिळालं ते असले ब्रेक सोडवून कॅन्सरवर उपचार करण्याच्या शोधासाठीच. पण प्रतिजनच दिसत नसेल तर ब्रेक सोडून उपयोग काय? एचएलएला आधार देणारं बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे प्रथिन गमावलेल्या पेशीत एचएलए वर्ग १ पृष्ठभागावर नीट टिकत नाही, कितीही इंटरफेरॉन येवो. जॅक बिघडला तर निरोपच पोचत नाही. २०१६मध्ये, औषधाला आधी दाद देऊन पुन्हा उलटलेल्या मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) काही रुग्णांत नेमके हेच बिघाड सापडले.

"मग साठ चांगलं की वाईट?"

"काका, पन्नासच्या वर असलं की या औषधाचा विचार आधी होतो. पण ईजीएफआर आणि एएलके या जनुकांचा रिपोर्टही बघावा लागतो. तो कुठंय?"

त्यांनी फाइल पहिल्या पानापासून पुन्हा चाळली. तो कागद त्यात नव्हताच.